शुगरच्या मानसाले साखर कोन देते?

माह्यं काम म्हंजे लोकाच्या तोंडात पाहाचं. हसू नका, खरंच सांगून राह्यली. सकाळी उठून पोरीले अंगावर पाजाचं, सासूजवळ द्याचं, डोक्यावर पदर घ्याचा अन् टीबीच्या मानसाच्या घरी जाचं. गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवाच्या, पानी द्याचं, गिळताना डोळे फाडून पाहाचं, मंग म्हनाचं, "आ करा. जीभ वर करा. गाल दाखवा." तोंड साफ दिसलं का माह्यं काम झालं. गावात मले आशा वर्कर कोनी म्हनत नाई, 'आ करा बाई' म्हनते. माह्या नवऱ्याले लोक चिडवते, तुह्या बायकोसमोर जांभई नको देऊ बाप्पा, ते आत पाहाते.

अंक काढनारे गुरुजी म्हनले, तुह्या कामाचा अनुभव लिही. मी म्हनलं, गुरुजी, मी सातवी शिकली, अन् आठवीत गेली त लगन झालं. त म्हनले, बोलते तसंच लिही. म्हनून बोलते तसं लिहून राह्यली. दुसरे लोक आपल्या नोकरीत काय काय केलं ते लिहीन. मले एकच गोष्ट सांगाची हाये.

आधी काम कसं ते सांगते, नाहीतर तुमाले समजनार नाई.

साधा टीबी असला त गोळ्या देल्ल्या का मानूस बरा होते. पन गोळी घेनारा मानूस कोन्या जातीचा असन ते सांगता येत नाई. आमच्या पारबताबाईची लघवी पयल्याच दिवशी लालभडक झाली, त ते तशीच पदर खोचून गावातून बोंबलत माह्या घरी आली, "सविते, तुनं मले मारलं वो माय, माह्यं रगत चाल्लं!" त्या गोळीनं लघवी लालच होते, ते मी सांगाची राह्यली होती. दुसरा एक जन होता, तो गोळी गालात धरून ठेवे अन् मी गेली का कोंबडीपुढं थुके. त्याची बायको माह्याकडं धावत आली. काऊन आली? नवरा मरन म्हनून नाई. कोंबडी मरन म्हनून!

असे लोक अर्ध्यातच गोळ्या सोडते. जरा बरं वाटलं का झालं. मंग तो जो आतला किडा राह्यते ना, तो शहाना होते. साध्या गोळीले मरत नाई. मंग लागते ते मोठं औषध. त्याचा खोकाच येते, आमच्या गुडीहत्नूरच्या दवाखान्यात, अन् त्यात मूठभर मूठभर गोळ्या रोजच्या, अन् वरून सुई. सुई द्याले आमची अक्का येते. अक्का म्हंजे नर्सबाई, तेलुगू हाये, पन इतके वर्ष आमच्यात राहून मराठी बोलते, मोडकं तोडकं. ते मले ओरडते बी अन् माह्या पोरीसाठी बिस्कुट बी आनते.

त्या मोठ्या औषधाचं आमाले मीटिंगीत सांगतलं होतं. उलटी होईन, कानात सूं सूं होईन, सांधे दुखन, एका गोळीनं कोनाकोनाचं डोकंबी फिरते. हे मले पाठ होतं. साखरेचं मले मालूम नोहोतं. सांगतलंबी असन. आमचं गाव तेलंगणात, त मीटिंग तेलुगूत होते, अन् माही पोरगी मांडीवर बोंबलत होती.

आता पुंजाराम बाबाचं.

पुंजाराम बाबा आमच्या विहारात वाचन करते. वर्षावास लागला का तीन महिने रोज ग्रंथ वाचला जाते, अन् इतके साल झाले, वाचाले बाबाच. बायामानसं कामावरून थकून येते, पन बाबाचा आवाज असा का कोनी झोपत नाई. शाळेत चपराशी होते, तिथंच वाचाले शिकले म्हनते. दारूचे एवढे दुश्मन का कोनी पिऊन विहाराच्या वट्ट्यावर बसला त हात धरून उठवत. नामदेव मामा, म्हंजे विहाराचं काम पाहनारा मानूस, तो जवानीत प्यायचा, त्याले बाबानंच सोडवलं.

त्या बाबाले टीबी झाला, अन् तोबी शहाना झालेला. आधी खाजगी औषध घेतलं, बरं वाटलं, सोडलं. मंग वर्षभर वाचन बंद. खोकला का लोक सरकून बसत. गया आजी, बाबाची बायको, मले म्हने, "सविता, त्यायचं खोकलनं नाई वो खुपत मले, चूप बसनं खुपते." त्यायचा पोरगा मास्तर हाये, तिकडं बेज्जूरकडं, जंगलात. तो फोनवरच. त घरी हे दोघं अन् सकाळी मी.

बाबाले शुगरबी होती, लय सालापासून. त्याची पांढरी गोळी ते खाजगी डॉक्टरनं सांगतलेली घेत, सकाळी एक, सांजच्याले एक. ते माह्या खोक्यातली नाई, म्हनून मी तिच्याकडं कधी पाह्यलंच नाई. माह्या गोळ्या माह्या, त्याची गोळी त्याची. अन् आजीचा पहारा असा का घरातली साखर अन् गूळ पेटीत, पेटीले कुलूप, किल्ली आजीच्या कमरेले. काऊन का बाबा चोरून गूळ खात. मले डोळा मारत अन् म्हनत, "पोरी, हे मोठी डॉक्टरीन."

मोठं औषध सुरू झालं अन् बाबाचं खानं गेलं. मळमळ मळमळ. भाकर पाह्यली का तोंड फिरवत. मी म्हनो, "काई होत नाई बाबा, घ्या, थुंकी साफ होऊन राह्यली." अन् खरंच साफ झाली! गुडीहत्नूरहून निरोप आला त मी चप्पल न घालता पळत गेली सांगाले. डॉक्टर म्हनले, आता लोकात बसले तरी चालते, गोळ्या चालू ठेवा. बाबा रडले. म्हनले, "मंग मी येत्या पुनवेले वाचन करतो."

ते पुनव. तेच सांगून राह्यली.

पुनवेले आमच्यातले मोठे लोक अष्टशील घेते. पांढरे कपडे, अन् दुपारी बारानंतर जेवन नाई, पानी चालते. बाबा कधी चुकले नाई. गया आजी म्हने, "औंदा राहू द्या, औषध चालू हाये." बाबा म्हनले, "औंदाच त पाह्यजे." मी सकाळी गोळ्या देल्ल्या. बाबानं घेतल्या. मंग शुगरची गोळी घेतली, रोजच्यासारखी. मंग जेवाले बसले त दोन घास खाल्ले अन् ताट सरकवलं. मी पाह्यलं ना. मले काईच वाटलं नाई. मले वाटलं बाबा खुशीत हाये, म्हनून जेवन जात नाई.

दुपार ढळली त सारा गाव विहारात. मी पोरीले मांडीवर घेऊन बायात बसली होती, पुढंच. खीरदानाची खीर मोठ्या गंजात झाकून ठेवलेली, वाचन झाल्यावर वाटाची होती. बाबा पांढऱ्या धोतरात आले, चष्मा लावला, ग्रंथाले नमस्कार केला अन् वाचाले लागले. काय आवाज! गया आजी पदरानं डोळे पुसे. मी शेजारनीले म्हनलं, पाह्य, हे माह्या गोळ्याचं काम. असं म्हनलं मी. छाती फुगवून.

मंग बाबा एका ओळीवर अडकले. तेच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा तेच. लोकाले वाटलं, मुद्दाम समजावून सांगून राह्यले. पुन्हा तेच ओळ. आवाज जड झाला, शब्द एकमेकावर चढाले लागले. नामदेव मामा हळूच म्हनले, "बाबा, पुढची ओळ." त बाबानं त्याच्याकडं असं पाह्यलं, असं पाह्यलं जसा ओळखतच नाई, अन् एकदम शिवी हासडली. मायबहिनीची. विहारात. अष्टशीलात. बाबानं!

बाबा उठले, पाय लटपटले, ग्रंथाच्या चौरंगाले धक्का लागला, ग्रंथ खाली पडला. अंगातली पांढरी पैरन ओढून काढाले लागले, "गरम होते, सोडा, सोडा मले," अन् आंग घामानं निथळून राह्यलं. नामदेव मामा जवळ गेले, तोंडाजवळ नाक नेलं, मांगं सरकले अन् सगळ्याईसमोर म्हनले, "बाबा... तुमी घेऊन आले काय?"

मांगून कोनी तरी म्हनलं, "म्हातारपनी सुटला काय बाप्पा हा?" एक जन हसला. खरंच हसला. गया आजी उभी झाली, नुसती हात हालवे, नाई नाई नाई.

मले वाटलं, डोकं फिरलं. ते डोकं फिरवनारी गोळी! मीच देल्ली सकाळी. मी पोरीले शेजारनीच्या मांडीत टाकलं, पोरगी रडे, अन् मी फोन लावला अक्काले.

"अक्का, बाबाचं डोकं फिरलं. शिव्या देऊन राह्यले. लोक म्हनते पेले."

"घाम आहे?"

"हो जी, पान्यासारका."

"हात लाव. हात थंड आहे?"

मी हात धरला. बाप्पा! मढ्याचा हात असते तसा. थंड, ओला. बाबा आता खाली बसले होते, मान एकीकडं, डोळे उघडे पन आत कोनी नाई.

"थंड हाये अक्का, लय थंड."

"जेवन केलं?"

"दोन घास. सकाळी. अष्टशील हाये ना आज."

फोनमधून अक्का अशी ओरडली का शेजारनीलेबी ऐकू गेलं. "चक्केर! साखर दे! गोड दे काही पन! तोंदरगा सविता, तोंदरगा!"

म्हंजे लवकर लवकर. पन मले समजलंच नाई. मी म्हनलं, "अक्का, बाबाले शुगर हाये."

"माहीत आहे मले! त्याची शुगर खाली पडली! दे!"

शुगर खाली पडते? मी त शुगर वाढते एवढंच ऐकलं होतं. साऱ्या गावानं तेवढंच ऐकलं होतं. शुगरच्या मानसाले साखर म्हंजे जहर, हे लेकराले बी मालूम. मी खिरीच्या गंजावरचं झाकन काढलं त तिघीचौघी धावल्या. "काय करते सविता, मारते काय त्याले!" एक बुढी म्हने, "बारा वाजून गेले, त्यायचं शील मोडन वो." गया आजीनं माह्या हातातला पेला धरला, "सविता, इतके साल मी एक दाना नाई जाऊ देल्ला त्यायच्या पोटात. नको."

मी काय सांगू? मलेच मालूम नोहोतं. मी फोन आजीच्या कानाले लावला. अक्का काय बोल्ली ते मले अर्धंच ऐकू आलं. "आजी, शील उद्या घ्या. मानूस आज वाचवा."

आजीनं पेला सोडला.

अक्कानं सांगतलं होतं, गिळत असन त पाज, नसन गिळत त ओतू नको, श्वासात जाईन, बोटानं गालाच्या आतून लाव. बाबाचं तोंड मिटलेलं. मी बोट खिरीत बुडवलं अन् गालात फिरवलं. रोज त्या तोंडात मी नुसतं पाहत होती, आज बोट घातलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. दात लागले बोटाले. मंग जीभ हालली. मंग घोट गिळला. मंग आजीनं पेला लावला त पेलाभर खीर पेले, मंग दुसरा.

अन् बाबानं डोळे मिचकावले. इकडं तिकडं पाह्यलं. पैरन कुठं गेली ते पाह्यलं. मंग म्हनले, "हे गोड कोनं देल्लं मले?"

विहारात एकदम हसन्याचा स्फोट झाला अन् रडन्याचाबी. नामदेव मामा ग्रंथ उचलून पुसत होते, त्यायचं तोंड मातीसारकं झालं होतं. बाबाले काईच आठवत नोहोतं. शिवी देल्ली तेबी नाई. "मी कोनती ओळ वाचत होतो?" असंच विचारे.

अक्का ऑटो घेऊन आली. आली तेच म्हने, चला आदिलाबादले, मोठ्या दवाखान्यात. बाबा म्हनले, "काऊन? ठनठनीत हावो मी." अन् खरंच ठनठनीत. स्वताच्या पायानं घरी गेले. साऱ्या गावाले अक्काच जास्तीचं करते असं वाटलं. मलेबी वाटलं, खोटं काऊन सांगू. मानूस बोलते, हसते, ओळखते, मंग दवाखान्यात कायले? अक्का म्हने, "गोळी अजून अंगात आहे. पुन्हा खाली जाईल." बाबा म्हनले, "जाईन त जाईन, खीर अजून हाये." सारे हसले. अक्का बाहेर जाऊन अँब्युलन्सले फोन लावाले लागली, रागानं.

आजी खीर आनाले विहारात गेली. मी बाबाजवळ बसली. बाबा खाटेवर भिताडाले टेकून बोलत होते, वाचनाचं. बोलता बोलता आवाज जड झाला.

मले वाटलं, झोप आली.

मंग कपाळावर घाम.

"बाबा?" बाबा नाई बोलले. "बाबा!" मी हात धरला. थंड. आताच गरम होता अन् आता थंड! मी ओरडली, "अक्का!" अन् साखर शोधाले धावली. चुलीजवळ नाई, फळीवर नाई. मंग आठवलं, पेटी. पेटीले कुलूप. किल्ली आजीच्या कमरेले, आजी विहारात. मी पेटीले लाथ मारली. वरवंटा उचलला अन् कुलुपावर घातला, एक, दुसरा, हाताले लागला, कुलूप तुटेना. अक्का आत आली, माह्या हातातून वरवंटा घेतला, कडी उखडली. आत साखरेची बरनी अन् गुळाची ढेप. अन् गुळाच्या ढेपीले एका कोपऱ्यात दाताचे निशान. हसू का रडू?

अक्कानं साखर पान्यात कालवून गालात चोळली. या खेपेले बाबा उठले नाई. हात पाय झटके द्याले लागले. आजी लहान गंजात खीर घेऊन दारात आली, आतलं पाह्यलं, गंज तिथंच सुटला हातातून. साऱ्या वसरीत खीर.

अँब्युलन्स आली. गाडीतल्या मानसानं सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनवर घेतला. मशीनवर आकडाच नाई आला. अक्का म्हने, एवढी कमी का मशीन मोजत नाई. हातात नळी लावली, गुलकोज सोडलं, अन् आमी निघालो. पोरगी शेजारनीजवळच राह्यली, मी सासूले न सांगता गेली, कोनी तरी सांगन म्हनून. गाडीत गया आजी बाबाचे पाय चोळे अन् एकच म्हने, "मी कुलूप लावलं. मी कुलूप लावलं."

दवाखान्यात बाबा उठले, पुन्हा गेले, पुन्हा उठले. गुलकोज बंद केलं का खाली. मी तिथंच भिताडाले टेकून बसली, छाती दुधानं भरून आलती, पदर ओला, पोरगी घरी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबानं मले अन् बाबाच्या पोराले, जो बेज्जूरहून आला होता, त्याले समोर बसवलं. हिंदीत सांगतलं. मी माह्या शब्दात सांगते. बाबाची ते जुनी पांढरी गोळी, ते साखर खाली ओढते, तिचं कामच ते. पन माह्या खोक्यातली एक गोळी, टीबी मारनारी सगळ्यात जोरदार, तेबी कोनाकोनाची साखर ओढते. एकटी असली तरी ओढते, अन् शुगरच्या गोळीसंगं जोडी झाली त लयच. तिसरं म्हंजे ते सुई. सुईनं बाबाचं मूत्रपिंड कमजोर झालं होतं, म्हनून दोन्ही गोळ्या अंगातून बाहेरच जाईना, साचत राह्यल्या. अन् चवथं, बाबा जेवतच नोहोते. "चारों तरफ से," डॉक्टर म्हनले, अन् दोन्ही हात खाली दाबून दाखवले.

मास्तर म्हने, "साहेब, मंग ते गोळी बंद करा ना!"

डॉक्टर म्हनले, "वो बंद की तो टीबी किससे मरेगी?"

जे गोळी मी रोज हातावर ठेवली, "काई होत नाई" म्हनली, तेच गोळी मानसाले विहारात नागवं करते, शिव्या द्याले लावते, मढं करते. अन् तेच गोळी थुंकी साफ करते. एकच गोळी! मी तिले रोज बोटात धरत होती. एवढीशी.

डॉक्टरनं शुगरची ते पांढरी गोळी बंदच केली, म्हनले साखर पाहू, मंग ठरवू. सुई रोजच्या बदली दिवस सोडून सोडून. टीबीची गोळी मूत्रपिंडाच्या हिशेबानं. अन् उपाशी राहनं बंद, म्हंजे बंद. बाबा वाचले. पन घरी आले ते आधीचे बाबा नाई. नावं विसरते आता. कधी माह्या पोरीले आपल्या मास्तरच्या नावानं हाक मारते. डॉक्टर म्हनले, डोक्याले बराच वेळ साखर नाई भेटली, थोडं परत येईन, थोडं नाई येनार.

नामदेव मामा आले होते भेटाले. दारातच उभे. "बसा ना," आजी म्हने. बसलेच नाई. "बाबा, ते मी... म्हनलो होतो..." बाबानं विचारलं, "काय म्हनलं होतं तू?" खरंच आठवत नोहोतं त्यायले. मामा तिथंच, त्या वसरीत, लेकरासारके रडले. बाबा आजीले म्हनते, "ह्याले च्या दे वो, हा पुन्हा पेला काय?" आजीनं पदर तोंडाले लावला. हसे का रडे, देव जाने, आमच्यात त देवबी नाई.

आता मी काय करते सांगते, कामाचं हाये म्हनून. गोळ्या द्याच्या आधी विचारते, जेवले काय, काय जेवले, दुसरी कोनती गोळी घेता, आना, दाखवा. लोक कंटाळते. पारबताबाई म्हने, "आधी तोंडात पाहात होती, आता ताटातबी पाहाते." पाहाते मी. शुगरवाल्याच्या घरी साखर कुलपात नाई राहू देत. घाम, थंड हात, बरळनं, चिडनं, हे दिसलं का आधी गोड, मंग दवाखाना, बरं वाटलं तरी दवाखाना. हे मी इथं लिहून ठेवते. तुमच्या घरी कोनी असन त वाचून दाखवा.

पन बाबा घरी आल्यावरची पयली सकाळ तेवढी सांगाची राह्यली.

सासू म्हने, "सोड ते काम. लेकरू पोटाशी हाये, अन् उद्या मानूस मेला त तुह्यं नाव." गोळ्या घेतल्या अन् गेली. बाबा खाटेवर, आजी चुलीजवळ. मी गोळ्या हातात धरून उभी, अन् हात पुढं जाईना.

बाबानं पाह्यलं. म्हनले, "पोरी, खरं सांग. तुह्या बापाले देल्ली असती काय हे गोळी?"

डॉक्टरनं सांगतलं होतं, समजावून सांगा. अक्कानंबी काय बोलाचं ते शिकवलं होतं. सारं विसरली मी.

"मले मालूम नाई बाबा," म्हनलं. "मले भेव लागते. देल्ली तरी लागते, नाई देल्ली तरी लागते."

आजी चुलीपासून ओरडली, "असं सांगते काय वो दवाखान्याची बाई?"

बाबा गोळ्याकडं पाहत राह्यले. मले वाटलं, पुन्हा विसरले काय कोनाची गोळी अन् कायची. मंग म्हनले, "आजपावतर सारे म्हनत होते, काई होत नाई. तूबी म्हनत होती."

"हो जी."

"मंग आता भाकर आन आधी," आजीले म्हनले.

आजीनं भाकर अन् दाळ देल्ली. बाबानं खाल्ली. मळमळत होतं, दिसे ना, घास गालात फिरे, पन खाल्ली, सारी, बोटं चाटून. मंग हात पुढं केला. मी गोळ्या ठेवल्या त एक घरंगळली, खाटेखाली गेली. मी अन् आजी जमिनीवर हात फिरवत शोधत बसलो, अन् बाबा वरून म्हनते, "जाऊ द्या वो, मुंग्याईचा टीबी बरा होईन." आजीले सापडली. पदराले पुसून देल्ली. बाबानं एक एक करून गिळल्या.

माह्यं काम झालं होतं. घरी पोरगी भुकेजली असन, सासू शिव्या देत असन, मालूम होतं मले. पन मी उठली नाई. बाबाच्या कपाळाकडं पाहत बसली, घाम येते काय म्हनून. बाबा म्हनले, "आता उन्हाचा घाम आला तरी तू मले साखर चारशीन." आजी हसली. मले हसू नाई आलं. मी त्यायचा हात धरला. गरम होता. तसाच धरून बसली.